तांडेल बाईंची जोडी-हजेरी

स्वतःहून "हजर" म्हणणाऱ्या मुलावर तांडेल बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. सहलीची बस सुटायच्या आधी त्या दारात उभ्या राहून एकच शब्द उच्चारत, "जोडी!" की प्रत्येक मूल शेजारच्या जोडीदाराला हात लावून त्याचं नाव ओरडे. जोडीदार जागेवर नसेल तर दुसऱ्याने बोंब ठोकायची, असा नियम. मी नेरूळच्या या शाळेत नवी होते तेव्हा त्यांना विचारलं होतं, की सरळ डोकी मोजली तर काय बिघडतं? बाई सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या, वडील मासेमारीच्या होडीवर जाणारे. म्हणाल्या, "आमचे होडीवर धक्क्याला लागल्यावर कोनी सोताचा नाव घेत नाय. बाजूच्याचा घेतो. आपुन हाय ते आपल्याला म्हाईतच असतं."

वर्गात मात्र त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की इतिहासाच्या पुस्तकालाही दडपण यावं. सारसोळ्याची बोली बाहेर पडे ती फक्त स्टाफरूममध्ये, नाहीतर जीव घाबरा झाल्यावर.

दरवर्षी सहावीच्या मुलांना मुंबईतल्या मोठ्या संग्रहालयात न्यायचं, हा बाईंचा हट्ट. मुख्याध्यापक म्हणत, सगळं स्मार्टबोर्डवर दिसतं, मग ही जोखीम कशाला? त्यावर बाई विचारत, "सर, फोटोतला बोंबील तव्यावर पडतो का?" तिथे गेल्यावर त्यांची शिकवण्याची तऱ्हाही वेगळीच होती. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर पाय दुखेपर्यंत उभं राहायचं. "बाकीच्या वस्तूंना नुसता नमस्कार करा, त्या रागवायच्या नाहीत," असं त्या मुलांना सांगत. राणीच्या मूर्तीच्या काचेला नाक लावणाऱ्याला त्या हळूच म्हणत, "मागे हो, राणीला श्वास घेऊ दे." आमची बहुतेक मुलं तुर्भ्याच्या वस्तीतली. मुलींना खाडीपलीकडे मुंबईला पाठवायला घरचे सहजी तयार नसत. बाई संध्याकाळी घरोघर जाऊन, चहा पिऊन, त्यांची समजूत काढत. त्यांच्या शब्दावर मुली येत.

त्या वर्षी परतताना जोडी-हजेरी झाली. सगळी नावं ओरडून झाली, एकही बोंब नाही. बस संग्रहालयाच्या फाटकाबाहेर पडून सिग्नलला थांबली. बाई सवयीने मागच्या बाकांपर्यंत फेरी मारायला गेल्या आणि एका रिकाम्या बाकाशी थबकल्या. बाकावर डब्याच्या दोन पिशव्या होत्या.

"सुजाता," त्यांनी मला हाक मारली. आवाज ओळखू येत नव्हता. "आगो, ह्ये कोनाचं डबं हाय?"

स्नेहल आणि फरीन. दोघी एकमेकींच्या जोडीदार. दोघीही बसमध्ये नव्हत्या, त्यामुळे दोघींसाठी बोंब मारायला कोणीच नव्हतं. इतकी वर्षं बिनचूक चाललेल्या पद्धतीतलं भोक त्या क्षणी आम्हा दोघींना एकदमच दिसलं.  बाईंनी ड्रायव्हरला बस कडेला घ्यायला सांगितली, मुलांना आमच्या शिपाई मावशींच्या ताब्यात दिलं आणि चप्पल हातात घेऊन पळत सुटल्या. त्यांच्या मागे मी.

संग्रहालय बंद व्हायला आलं होतं. एकेका दालनातले दिवे मालवले जात होते. पहारेकरी म्हणाला, आत कोणी नाही. बाईंनी त्याला बाजूला सारलं नाही, फक्त त्याच्याकडे असं बघितलं की तोच बाजूला झाला. आम्ही नाण्यांचं दालन पाहिलं, मूर्तींचं पाहिलं, स्वच्छतागृहं पाहिली. बाई प्रत्येक दारात मुलींची नावं घेत होत्या आणि दर वेळी आवाज खाली येत होता. बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी मला आठवत होती आणि मी ती आठवायची नाही असं स्वतःला बजावत होते.

शेवटी मागच्या आवारात दोघी सापडल्या. तिथे ठाण्याकडच्या एका इंग्रजी शाळेची मातीकामाची कार्यशाळा नुकतीच संपली होती. गणवेश आमच्यासारखाच, निळा-पांढरा. त्यांच्या मॅडम मुलांना रांगेने बसमध्ये चढवत होत्या आणि रांगेत, हातात ओल्या मातीची पणती धरून, आमच्या दोघी उभ्या होत्या. स्नेहलचा पाय पायरीवर होता. डोकावून बघायला गेल्या तेव्हा त्यांना कोणीतरी प्रेमाने आत बसवलं होतं. मग मॅडम इंग्रजीत भराभर बोलून सगळ्यांना हाकू लागल्या आणि आपण यांच्यातल्या नाही, हे सांगायचं कसं ते दोघींना कळेना.

बाईंनी दोघींचे मातीचे हात धरले. रागावल्या नाहीत. बसपर्यंत ते हात सोडले नाहीत.

बसमध्ये येऊन त्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, सापडल्या ना, मग विषय संपला, पालकांपर्यंत जाऊ देऊ नका. मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. बाईंनी फोन ठेवला. खाडीपूल ओलांडून वाशी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "पोरी त्यांच्या हायत. त्यांच्यापासून काय लपवायचा?"

शनिवारी पालकसभेत त्या उभ्या राहिल्या. दोघी मुली हरवल्या होत्या, चूक माझ्या पद्धतीची होती, यापुढे जोडीही घेईन आणि डोकीही मोजीन, असं पुस्तकी मराठीत, न अडखळता सांगितलं. सभेत चुळबुळ झाली. फरीनची आई तिथल्या तिथे म्हणाली, की आमची मुलगी आता कुठल्या सहलीला येणार नाही. बाईंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. फरीनच्या आईने तो शब्द पुढे पाळलाही.

मग स्नेहलचे वडील उठले. साताऱ्याकडचे, घाऊक बाजारात गोणी उचलणारे. 

"पोरगी सापडत नव्हती तवा तुमाला काय वाटलं, बाई?"

"तिच्याशिवाय घरी जायचं नाही, असं वाटलं."

 "तुमी बोलला नसता तर आमाला कळलंबी नसतं. पोरगी तर बोललीच न्हाई," ते म्हणाले. "फुडच्या वर्षी धाकटी सहावीला हाय. तिला बी तुमीच न्या."

बाई खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून सगळ्यांसमोर रडल्या. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

धाकटीला त्यांनी नेलं. यंदा त्या निवृत्त झाल्या आणि सहल माझ्याकडे आली. परवा तुर्भ्याला एका घरी गेले होते. मुलीच्या आईने विचारलं, "मॅडम, काही होणार तर नाही ना?" नाही हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "होऊ नये म्हणून जिवाचं रान करीन. आणि झालंच, तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन."

  आतल्या खोलीकडे वळून आईने मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "मॅडमबरोबर जायचं हां तू."