गोंदणाची फाइल

अगं, जरा जवळ सरक आणि ऐक. सुरतेला येतेस, साड्या घेतेस आणि परस्पर गाडी पकडतेस. डिंडोलीत मी तुझी आत्या राहते, माझ्यापाशी तुझी आजी असते, हे विसरलीस होय? अशाने माझे व्याही तुला दिसायचे कधी? त्यांच्यासारखा माणूस तापीच्या उगमापासून थेट मुखापर्यंत शोधलास तरी सापडायचा नाही.

त्यांचं उधन्यात छोटं दुकान. एम्ब्रॉयडरीच्या मशीनला फोटो कळत नाही बाई, तिला टाकेच कळतात. म्हणून व्याही फोटोची फाइल टाक्यांच्या फाइलीत बदलतात, मशीनला झेपेल एवढी लहान करून देतात. त्या नादात माणसाची नजरच बदलली. आमच्या मुलांच्या लग्नात सगळे नवरीकडे बघत होते, हे तिच्या मेंदीकडे. "विहीणबाई, या मोराच्या शेपटीत धागा तुटणार." पानात जिलबी वाढली की आधी तिचं टोक शोधतात. "बघा, एका धाग्यात झाली, कुठे कापलं नाही!" मी सकाळी फोनवर गुलाब पाठवला तर उलट फोन येतो, "फूल फुटलंय, नुसते चौकोन दिसतात. डॉक्युमेंट करून पाठवा." आता गुलाबाचं डॉक्युमेंट कसं करतात, मला काय ठाऊक!

तर आम्हा दोघांच्या नातीचं लग्न ठरलंय. आजीला आता दिसत नाही, पण हट्ट धरून बसली, हातावरचं झाडाचं गोंदण पोरीच्या पदरावर हवं. "सोनं आठेच ऱ्हास, गोंदन संगे येस. पन पोरीकरता मांगे बी ऱ्हाऊ दे." सोनं इथेच राहतं, गोंदण मेल्यावरही सोबत जातं, असं तिचं म्हणणं. व्याह्यांनी तिच्या हाताचा फोटो काढला आणि दोन दिवसांत कापडाच्या तुकड्यावर नमुना काढून आणला. आजीने त्यावरून बोट फिरवलं, हे आपलं नव्हेच म्हणून तुकडा परत दिला.

"हाई मनं नही."

व्याही गडबडले की गुजरातीत शिरतात. "आजी, बेउ बाजू एकदम सरखी छे!"

"मंग मनं कसं?"

तेव्हा उलगडा झाला. धंद्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी अर्धीच नक्षी केली आणि तीच उलटून दुसऱ्या बाजूला जोडली. आजीच्या गोंदणातली एक फांदी मात्र वाकडी आहे. लहानपणी सुई टोचताना तिने हात ओढला, आणि तिथेच तिच्या आईने मनगट घट्ट धरलं होतं. फाइलीत ती फांदी सरळ होऊन बसली.

"तठे मनी माय शे," आजी मनगटावरच्या त्या जागी बोट ठेवून म्हणाली.

व्याह्यांनी तुकडा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून लॅपटॉप घेऊन आले, आजीचा हात मांडीवर घेऊन बसले आणि त्या फांदीचा एकेक टाका स्वतः बसवू लागले. मी चहाचं विचारलं तर मलाच दटावलं, "विहीणबाई, हात हलेल!"

नव्या नमुन्यावर आजीचं बोट फिरत फिरत त्या वाकड्या फांदीपाशी थांबलं. "आजी, आता?" व्याह्यांनी विचारलं. तिने बोट तिथून उचललंच नाही.

लग्नाला अजून अवकाश आहे. पदरही होईल. पण आजी हल्ली दुपारभर झोपते, आणि दार वाजलं की हात पुढे करून विचारते, कोण आलं? लग्नापर्यंत थांबू नकोस बाई. लवकर ये.