मांडीवरचा विग

फटाक्याला कुणी ‘सर’ म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. सिनेमाच्या धंद्यात फोटोग्राफर म्हणून उभा जन्म गेला आणि लोकांनी ‘फटाक्या’ हेच नाव ठेवलं. एक फ्लॅशमुळे, दुसरं तोंडामुळे. भल्याभल्या नट्यांना तो ‘मान वर कर, हनुवटी गिळू नकोस’ असा दम भरायचा, आणि त्या मुकाट्यानं ऐकून घ्यायच्या. सत्तरी उलटली तरी माणसाची रग काही जिरली नव्हती.

त्यात एका रविवारी टीव्हीवर हिरो बोलला. हिरो म्हणजे तोच, नुसत्या केसांच्या झुलपांवर ज्यानं चाळीस वर्षं राज्य केलं. डोळे पुसत म्हणाला, ‘‘सुरुवातीला माझं कुणी नव्हतं हो. एकट्यानं दिवस काढले.’’

‘‘एकट्यानं? अरे हरामखोरा!’’ फटाक्यानं रिमोट भिरकावला. दोन वर्षं हा बाबा त्याच्याच खोलीत, त्याच्याच गादीवर हातपाय पसरून झोपायचा. तिसरा मेकअपवाला. एक स्टोव्ह, एक पातेलं. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून फटाक्या फिल्म धुवायचा आणि ते दोघं आंघोळीसाठी बाहेर ताटकळत शिव्या घालायचे. हिरोचे पहिले फोटो यानंच फुकट काढले, निर्मात्यांच्या दारोदार फिरवलेही यानंच. आणि म्हणे कुणी नव्हतं!

फटाक्याच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. त्यानं जुन्या निगेटिव्ह उपसल्या, एक शोधून काढली आणि माणसाएवढी मोठी करून हॉलच्या दारासमोरच्या भिंतीवर लावली. तीच खोली. हिरो पातेल्यातच जेवतोय, खो खो हसतोय, डोकं तुळतुळीत. शेजारी मेकअपवाला विग मांडीवर घेऊन विंचरत बसलाय. बाविशीतच टक्कल पडलेलं ते डोकं या दोघांखेरीज बाहेरच्या कुणी पाहिलं नव्हतं.

‘‘मला टक्कल दाखवायचं नाहीये, खोली दाखवायचीय,’’ असं तो स्वतःलाच बजावत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पेपरवाले येऊन फोटो टिपून गेले. बातमी कानावर जाऊन दुपारी हिरोचा फोन आला.

‘‘तो फोटो भिंतीवरून काढ.’’

‘‘का रे? तुझं कुणी नव्हतं ना? मग शेजारी बसलंय ते काय भूत आहे?’’

‘‘चुकलं माझं. उद्याच टीव्हीवर तुझं नाव घेतो. पण तो काढ.’’

फटाक्याला हवं होतं ते हेच. पण आता, घाबरून? ‘‘तुझी भीक नको मला!’’ म्हणत त्यानं फोन ठेवला. लई दिवसांनी त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी दारं उघडायच्या आधी मेकअपवाला आला. बाकी सगळे दोस्त तुटले, हा एकटा टिकला होता. दर आठवड्याला यायचा, चहा पिता पिता भांडायचा, पुन्हा यायचा.

‘‘बघ, तुला भिंतीवर चढवलंय!’’ फटाक्या म्हणाला.

मेकअपवाल्यानं चष्मा पुसून नीट बघितलं. ‘‘कुणाला विचारून लावलास?’’

‘‘त्या कृतघ्नाला कशाला विचारू?’’

‘‘मला विचारलंस?’’

‘‘तुझी काय हरकत? तुझं तरी नाव घेतलं का त्यानं कधी?’’

‘‘नाही घेतलं. मीही त्याच्या विगाबद्दल कुठं नाही बोललो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. माणूस माझ्यापुढे डोकं उघडं करून बसतो तो याच भरवशावर. आयुष्यभर सांभाळलं मी ते. तुला त्याच्यावर सूड घ्यायचाय, खुशाल घे. पण माझ्या मांडीवरचा विग दाखवून?’’ त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. ‘‘टक्कल त्याचं दिसतंय. तोंड माझं काळं केलंस.’’

‘‘थांब, काढतो. आत्ता काढतो.’’ फटाक्या खुर्ची ओढू लागला.

‘‘पेपरवाले येऊन गेले ना? मग राहू दे. मला मात्र पुन्हा फोन करू नकोस.’’

तो जिना उतरून गेला.

दारं उघडली. सगळी गर्दी त्या एकाच फोटोपुढे. टकलाकडे बोट दाखवून लोक फिदीफिदी हसत होते, मोबाइलवर टिपून घेत होते. खोली कुणाची, हे एकानंही विचारलं नाही.

एक बाई मात्र जवळ आली. ‘‘हे विग विंचरणारे कोण हो? तुमच्या ओळखीतले?’’

फटाक्यानं तोंड उघडलं, जिन्याकडे बघितलं.

‘‘होता एक मेकअपवाला,’’ तो म्हणाला.