आईला चॅलेंज करायचं नाही

माझ्यामुळे लोणंदच्या पाहुण्यांसमोर घराची शोभा झाली, असं काका अजून म्हणतात. झाली तर झाली. मला त्याची रतीभर खंत नाही.

सांगलीजवळच्या आमच्या गावात रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही चौघं पत्त्यांना बसायचो: बाबा, काका, आई आणि मी. खेळ एकच, चॅलेंज. पत्ते पालथे टाकायचे आणि तोंडाने ‘तीन राजे’ म्हणायचं, मग खाली दुर्री-तिर्री का असेना. कुणाला संशय आला तर त्याने ‘चॅलेंज’ म्हणून पत्ते उलटायचे. खोटं निघालं तर टाकणाऱ्याने सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणाऱ्याने. ज्याचे हात आधी रिकामे, तो जिंकला. काका यात पटाईत. धडधडीत खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

गेल्या चातुर्मासात आईने महाराजांसमोर नियम घेतला. आमच्या जैनांत कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी एकदाच जेवतं. आईने खोटं बोलणं सोडलं.

काका हसले. “मग पत्त्यात काय करणार, वहिनी?”

“खरे टाकीन. नसतील तवा पास म्हणीन.”

पहिल्या रविवारी काकांनी तिला तीनदा चॅलेंज केलं. तिन्ही वेळा पत्ते खरे निघाले आणि काकांच्या हातात ढीग मावेना. नवरात्र येईस्तोवर तिला चॅलेंज करायचं सगळ्यांनी सोडून दिलं. ती फारशी जिंकायची नाही, पण ‘दोन राण्या’ म्हणाली की त्या राण्याच असायच्या.

त्याच दिवसांत लोणंदचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी. चातुर्मासात आमच्या घरात कांद्याला शिवत नाहीत, पण कांदेवाला जावई चालत होता. लग्न नंतर करू, पसंती तेवढी उरकून ठेवू, असं काकांचं म्हणणं. पाहुण्यांची अट एकच, मी सांगलीच्या प्रयोगशाळेतली माती तपासायची नोकरी सोडायची. मला हे लग्न करायचं नाही, असं मी बाबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते लाजणं ठरवलं. काका म्हणाले, “समद्या पोरी आदी न्हाईच म्हणत्यात.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या थापा खऱ्या, आणि माझं खरं बोलणं मात्र थाप.

आई गप्प होती. नियम खोटं न बोलण्याचा होता, गप्प बसायला मोकळीक होती. “तू पास म्हणतीस,” मी तिला म्हणाले, “आणि फसते मी.” ती गवारी मोडत राहिली.

पाहुणे आले, दिवस मावळायच्या आत जेवले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “पोरगी राजीखुशी तयार हाय नव्हं?”

“हाय की. लाजती जरा,” काका म्हणाले.

“मी लाजत न्हाई. मला करायचंच न्हाई,” मी म्हणाले. सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आजही कुणी सांगावं.

मग मुलाची आई माझ्या आईकडे वळली. “तुमी सांगा, वैनी.”

आईने हातातला तांब्या खाली ठेवला. “आवं, तिला न्हाई करायचं. आमाला धा येळा सांगितलंय तिनं. नोकरी सोडायची न्हाई तिला, आणि तिनं ती सोडावी आसं मलाबी वाटत न्हाई.”

बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी जमिनीकडे. वहिनी चेष्टा करतात, एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. पण आईला खोटं पाडायची दोघांचीही छाती झाली नाही. तीन महिने तिचे पत्ते त्यांनी स्वतःच्या हातांनी उलटून पाहिले होते. पाहुणे सुपारी न घेता उठले.

गाडी गेल्यावर काका म्हणाले, “वहिनी, गप बसला असता तरी तुमचा नियम मोडला नसता.”

“ठावं हाय, भावजी,” आई म्हणाली. “जलमभर तेच करत आले.”