मंदाबाई डावीकडे बघायच्या

आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या मशीनखाली तुकडे साचतात. सकाळी झाडून घ्या, दुपारपर्यंत पुन्हा ढीग. मंदाबाईंच्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. एक सांगून जागा मोकळी करावी, तर तिच्या जागी चार येऊन पडतात. लोक त्यांना टीव्हीवरच्या बाई म्हणून ओळखतात. मी त्यांना बारा वर्षं त्यांच्या डाव्या हाताच्या विंगेतून पाहिलं. आणि खरं सांगतो, त्या माझ्यावर वैतागल्या नाहीत असा एकही प्रयोग मला आठवत नाही.

*

साठ-पासष्ट सालचा सुमार. पिंपरीत कारखाने नवे आणि प्रत्येक कारखान्याला नाटकाचा नाद. आमचे दिग्दर्शक अब्बास मिस्त्री, मेंटेनन्सचे फिटर. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, म्हणून तालीमही गुरुवारी.

पहिल्या प्रयोगाला जो गडी प्रॉम्प्टिंगला बसवला, त्याचं सगळं आयुष्य प्रेसच्या खडखडाटात गेलेलं. हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. त्याचं प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. लोकांनी अख्खं नाटक दोनदा ऐकलं.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "राव, सगळ्या शॉपमध्ये हळू बोलणारा एकच इसम आहे. आप्पांना बोलवा."

आप्पा म्हणजे मी, चौथी शिकलेला. ओळीखाली बोट धरून वाचतो. ते कोणी विचारलंच नाही.

*

मंदाबाई शेजारच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायच्या; आमच्याकडे बायका नव्हत्या, म्हणून नाटकापुरत्या यायच्या. नुसत्या उभ्या राहिल्या तरी स्टेज भरून जायचं. पाठांतर मात्र कच्चं. नाटकात त्या आई. मुलाचं काम मिस्त्री स्वतः करायचे. वयानं आईपेक्षा दहा वर्षांनी मोठे. शेवटी मुलगा घर सोडून निघतो, तेव्हा आई म्हणते, "जा. पण दार मी लावणार नाही."

"जा" पर्यंत सगळं व्यवस्थित. पुढचं दरवेळी गायब. मग बाई डावीकडे बघायच्या, आणि मी बोट सरकवत सरकवत त्या ओळीपर्यंत पोचायचो.

कामगारांच्या स्पर्धेत असंच झालं. बाई थांबल्या. मी शोधतोय. मिस्त्री दारात ट्रंक धरून उभे, हात भरून आला त्यांचा. शेवटी ओळ सापडली, बाई बोलल्या, पडदा पडला. परीक्षकांनी उठून सांगितलं की या बाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांचं थांबणं मोठं आहे. अभिनयाचं पहिलं बक्षीस.

मंदाबाई चषक घेऊन थेट विंगेत आल्या. "आप्पा, हा खरं तर तुमच्या डोक्यात घालायला पाहिजे."

मग खुर्चीवर टेकल्या. चषक मांडीवर ठेवून म्हणाल्या, "एकदा, फक्त एकदा, तुमच्याकडे न बघता हे नाटक पार पाडायचंय. नाहीतर मी कसली नटी?"

त्या आठवड्यात मी घरी भरभर वाचायचा सराव केला. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

देहूरोडला संध्याकाळच्या प्रयोगात मधेच लाईट गेली. मिस्त्रींनी स्टेजवर कंदील आणवला. विंगेत मात्र अंधार, आणि वहीतलं अक्षर दिसेना. बाईंचा रडण्याचा प्रसंग चालू होता. पुढची ओळ येईना, म्हणून त्या रडतच राहिल्या. पाच मिनिटं झाली. लष्करातले उंचेपुरे लोक पुढच्या रांगेत डोळे पुसायला लागले.

मिस्त्री तोंड न हलवता पुटपुटले, "बस करा बाई, समोरची पलटण पाघळली."

बाई हुंदक्यातच म्हणाल्या, "त्या आप्पांना काडी द्या कोणीतरी."

*

चाकणला स्टेज मार्केटच्या आवारात बांधलं होतं. डाव्या अंगाला भिंत, म्हणून मला उजवीकडे बसवलं. बाईंना दहादा सांगितलं. पण सवय ती. शेवटच्या प्रसंगात मिस्त्री उजवीकडे, मी उजवीकडे, आणि बाई भिंतीकडे बघून बोलताहेत.

प्रयोग संपल्यावर एका म्हातारीनं मिस्त्रींना गाठलं. "आय भिताडासंगं बोलाया लागली, तरी तुला लाज न्हाई व्हय रं?"

मिस्त्री परतीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

*

मग मुंबईहून टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. आमच्याच नाटकाचा शेवटचा प्रवेश त्यांना करायचा होता. मुलगा मुंबईचा, आई मात्र मंदाबाई. मिस्त्री दोन गुरुवार फुगून बसले.

पत्रात लिहिलं होतं की कॅमेऱ्यापुढे प्रॉम्प्टर चालत नाही.

मी म्हटलं, येतो सोबत, दाराबाहेर उभा राहतो. बाई भडकल्या. "शेजारी बसून तुम्ही वेळेवर पोचत नाही, तर दाराबाहेरून काय पोचणार?" मग पत्राची घडी घालत बसल्या. उलगडली, पुन्हा घातली.

"बारा वर्षं सांगतेय, आप्पा, लवकर बोला. आता उशिरा बोलायलाही तुम्ही नसणार."

एकट्याच गेल्या. परत आल्या. मिस्त्रींनी तीनदा विचारलं, तीनदा बोलणी खाल्ली. मी एकदाच विचारलं.

"दाखवतील तेव्हा बघा," म्हणाल्या.

*

मिस्त्रींनी नुकताच टीव्ही घेतला होता, सरकत्या लाकडी दारांचा. संत तुकाराम नगरातली त्यांची खोली त्या संध्याकाळी तीस माणसांनी भरली. मला जागा मिळाली ती टीव्हीला खेटून, भिंतीपाशी, त्याच्या डाव्या अंगाला. मान वाकडी करून बघायचं. मंदाबाई पार मागे, उंबऱ्यावर, चपला न काढता उभ्या. कधीही निघून जाता येईल अशा.

प्रवेश सुरू झाला. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. मी वही आणली नव्हती, तरी बोट मांडीवर सरकत होतं. मुंबईच्या मुलानं ट्रंक उचलली.

"जा," आई म्हणाली.

आणि थांबली.

मिस्त्रींचा कप ओठापाशी तसाच राहिला. टीव्हीतल्या आईनं सावकाश मान वळवली आणि डावीकडे, नेमकं मी बसलो होतो तिकडे बघितलं.

माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "पण दार..."

"पण दार मी लावणार नाही," टीव्हीतली आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग उंबऱ्याकडून मंदाबाईंचा वैतागलेला आवाज आला.

"आप्पा, इथंही उशीरच केलात."