एलीया आला की नाही, रुपरावांना माहीत नाही

ज्याच्या भरवशावर आयुष्य काढलं, त्याबद्दल भर सभेत ‘मला माहीत नाही’ असं तुम्ही म्हणाल का? घाईत हो म्हणू नका. मी मोर्च्यांत बरेच पुढारी पाहिलेत, एकाच्याही तोंडून हे निघालं नाही.

रुपराव सोनटक्क्यांच्या निघालं. ते कोराडीच्या वीजकेंद्रातले निवृत्त फिटर, ख्रिस्ती. दर गुरुवारी त्यांच्याच मंडळीतल्या भैय्याजींच्या घरी, पुढच्या खोलीत, ते घरसभा म्हणजे प्रार्थनेची बैठक चालवत. येणाऱ्या बहुतेक कॉलनीतल्या म्हाताऱ्या. बायबलमधल्या उताऱ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, ज्याला जी येईल ती त्यानं वाचायची, ही तिथली रीत.

एकदा भैय्याजींना योहानाच्या शुभवर्तमानातला उतारा आला. एलीया हा जुना संदेष्टा, जिवंतच स्वर्गात गेलेला. तो परत येणार म्हणून लोक वाट पाहत होते. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला (हा शुभवर्तमान लिहिणारा नव्हे, दुसरा) ते विचारतात, तू एलीया आहेस का? तो सरळ नाही म्हणतो. पुढची चिठ्ठी रुपरावांच्या सुनेची, दीक्षाची. तो उतारा मत्तयाच्या शुभवर्तमानातला. तिथं येशू म्हणतो, येणारा एलीया तो हाच योहान.

दीक्षा बौद्ध घरातली. विचारल्याशिवाय मानायचं नाही, हे तिचं माहेरचं वळण.

“मामाजी, दोघांतून खरं कोण बोलून राहिलं जी?”

“घरी विचार वं सासऱ्याले,” भैय्याजी म्हणाले.

“घरी विचारलं त पोळ्या करपतात. इथंच सांगा.”

म्हाताऱ्या हसल्या. भैय्याजी नाही हसले. “देहानं नाही, आत्म्यानं एलीया. झालं?”

“मंग योहानानं तसंच सांगायचं न! नाही काहून म्हटलं?”

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “योहानाले सोताबद्दल ठाऊक नसन, येशूले असन. पण हे माझं ‘असन’ आहे, वचन नाही. खरं सांगू त मले माहीत नाही वं.”

सभा उठल्यावर भैय्याजींनी त्यांना दारात अडवलं. “चालवणाराच असा बोलला त लोकं टिकतीन का गा? पुढच्या गुरुवारी सांगा, चुकून बोललो म्हणून. नाहीतर खोली बंद.”

“तुमचं उत्तर चांगलं असन, भैय्याजी. मले पटलं नाही, त पटलं कसं म्हणू?”

पुढच्या गुरुवारी कुलूप होतं. रुपरावांनी कुलपासमोर प्रार्थना केली, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून दिला आणि घरी गेले. तेव्हापासून सभा नाही.

मी कुठल्याच देवाच्या दारात उभा राहत नाही. मला एलीयाशी घेणं नाही. पण माहीत नाही म्हणणाऱ्याला बसायला जागा नसावी, याची मला चीड येते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हाताऱ्यांच्यानं चढवत नाही. कोराडीत तुमची तळमजल्याची खोली गुरुवारी संध्याकाळी रिकामी असेल, तर ती रुपरावांना द्या. उत्तरं पाठवू नका.