दोन कान, दहा बोटं

क्वान सेकचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. शेगडी पेटवायची, इस्त्र्या तापत ठेवायच्या आणि उजाडायच्या आत आदल्या दिवशीच्या कॉलरांना खळ द्यायची. सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या धुलाईच्या दुकानाइतकी ताठ कॉलर कुणाची नाही, असं भागीदार लोई काका सांगायचे. काम सेकचं, सांगणं काकांचं.

सेकचं लग्न चीनमध्ये, गावाकडे अडलं होतं. मुलीच्या बापाचं म्हणणं, सोन्याच्या डोंगरावर, म्हणजे अमेरिकेत, गेलेली माणसं अर्धीच परत येतात. कुणाचा कान खाणीत राहतो, कुणाची बोटं रेल्वेखाली. मुलाचा फोटो पाठवा, त्यात दोन्ही कान आणि दहाही बोटं दिसली पाहिजेत.

धुलाईची कमाई घरी जायची. फोटोला उरत नव्हतं. अशात विल्कट नावाचं एक गिऱ्हाईक, धंद्याने चित्रकार, म्हणालं, "रविवारी माझ्यापुढे बसशील? उंदराच्या औषधाची जाहिरात काढायचीय. बसायचे पैसे देईन."

बसायचे पैसे मिळतात, हे सेकला नवीन होतं. तो गेला. विल्कटने पेंढा भरलेला उंदीर त्याच्या हातात दिला.

"शेपटीने धर. आ कर. गिळतोयस असं दाखव."

"गिळायचा कशाला?"

"तुम्ही लोक खाता ना."

"आम्ही डुक्कर खातो. उंदीर चालला असता तर लोई काकांनी डुकरावर एक सेंट घालवला नसता."

विल्कट हसला, पण उंदीर काढून घेतला नाही. शिवाय त्याला सेकची लांब वेणी हवेत उडालेली हवी होती. ती दोरीने छताच्या खिळ्याला बांधली. सेकला शिंक आली. डोकं खाली, वेणी वर. दुपारपर्यंत मान अशी धरली, की आठवडाभर इस्त्री ओढूनही तशी धरत नसे.

महिन्याने जाहिरातीची कार्डं छापून आली. दुकानदार ती फुकट वाटत होते. काका एक घेऊन आले.

"रंगीत आहे. हेच पाठव गावाला. फोटोचा खर्च वाचेल."

"काका, हा मी नाही."

"वेणी तुझीच आहे."

"डोळे म्हणजे दोन सुरकुत्या. कान एकच. बोटं चार काढलीत मेल्याने. आणि हा उंदीर?"

"म्हणू, पोराला रोज मटण मिळतं."

सेकने कार्ड शेगडीत टाकलं. काकांच्या खिशात आणखी तीन होती. तीही टाकली.

विल्कटचे पैसे कमरेला बांधून तो फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाल्याने हातपंखा पुढे केला.

"हा धर, बाजूने बस आणि हस. तुमच्या लोकांचे असेच फोटो खपतात."

"खपवायचा नाही. समोरून काढा."

सेक ताठ बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं वाळत घातलेल्या कॉलरांसारखी सुटी सुटी.

फोटोवाला काळ्या कापडाखालून म्हणाला, "असा बसलास तर तू चिनी आहेस हे कुणाला कळणार?"

"सासऱ्याला कळेल. तो तसल्याच लोकांत राहतो."

उंदीर धरल्याच्या कमाईत फोटो झाला, टपालही भागलं. सेकने पाकीट बंद करण्याआधी बोटं मोजली. काकांनी फोटो उजेडात धरला.

"कान जरा मोठे आलेत."

"असू देत," सेक म्हणाला. "दोन आहेत."