नऊ मैलांवरची सुट्टी

लॉर्ना हॅलमला रजा मागायची सोयच नाही. शाळा बंद तर ती मोकळी, शाळा चालू तर ती शेगडीपाशी. बर्टनच्या एका प्राथमिक शाळेत ती पोरांना उकडलेले बटाटे, मटार नि कस्टर्ड करून घालते, आणि पोरं हुंदडायला पळाली की पातेली घासते. म्हणून ऑक्टोबरअखेरची हाफ टर्मची सुट्टी आली की आठवडाभर ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

यंदा तिनं ठरवून टाकलं. हॅलोवीनला अँगलसी बेटावर जायचं, समुद्राजवळ कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घ्यायची. जायचं तिघांनी. ती, तिची आठ वर्षांची मेबल, आणि रोरी.

रोरी तिचा नाही. म्हणजे कागदावर नाही. डीनशी लग्न केलं तेव्हा हा डीनच्या कडेवर होता, तीन वर्षांचा, नाक गळणारा. त्याची आई कधीच निघून गेलेली. बुटाची नाडी बांधायला, सायकल चालवायला, ब्रोकोली गिळायला त्याला लॉर्नानं शिकवलं. मग मेबल झाली. मग नवराबायकोचं फाटलं, आणि डीन रोरीला घेऊन ॲशबीला गेला. नऊ मैलांवर. मेबल कुठल्या शनिवारी कुणाकडे ते कोर्टानं ठरवून दिलं. रोरीच्या बाबतीत लॉर्नाला कुणी विचारलंसुद्धा नाही. डीनची मर्जी झाली की पोरगं यायचं, आणि वर्षभरात ती मर्जी आटतच चालली होती. रोरी आता चौदाचा. अजून थोडे दिवस असंच गेलं तर हा रस्त्यात भेटला तरी नुसती मान हलवून पुढे जाईल, ही धास्ती लॉर्नानं घेतली होती. बेटबीट ठीक आहे, पण खरं कारण हे होतं.

तिनं भांडी घासता घासता कॅरॅव्हॅनवाल्यांना फोन लावला. पलीकडे नेरिस नावाची पोरगी होती.

"सोमवार ते शुक्रवार," नेरिस म्हणाली. "शुक्रवारी सकाळी दहाला रिकामी करायची."

"आणि हॅलोवीन कधी?"

"शुक्रवारीच. पोरांची पार्टी संध्याकाळी सहाला."

"मग दहा ते सहा आम्ही काय करायचं? गवतात बसायचं?"

"शुक्रवार ते सोमवार वेगळं बुकिंग असतं, डार्लिंग. ती कॅरॅव्हॅन दुसरी. चारला किल्ली मिळेल."

"म्हणजे सकाळी गाद्या-उशा उचलून बाहेर, आणि दुपारी परत आत? शेजारच्या डब्यात?"

"शेजारच्या नाही, चार ओळी पलीकडे. पण तिथनं समुद्र दिसतो."

"पहिलीतनं नाही दिसत?"

"पहिलीतनं कचऱ्याचे डबे दिसतात."

लॉर्नानं दात खाऊन दोन्ही घेतल्या. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणजे शेवटची रात्र फुकट जाणार. तरी घेतल्या.

इकडे मेबलनं डीनकडे गेली असताना रोरीशी परस्पर ठरवून टाकलेलं, हॅलोवीनला दोघांनी मिळून एक घोडा व्हायचं. पुढचं धड मेबल, मागचं रोरी. लॉर्नानं जुना तपकिरी पडदा फाडून घोडा शिवायला घेतला.

मग तिनं डीनला फोन केला. "सोमवारी सकाळी रोरीला न्यायला येते."

"कुठल्या सोमवारी?"

"हाफ टर्मच्या, दुसऱ्या कुठल्या?"

डीन हसला. "त्याची हाफ टर्म त्याच्या आधीच्या आठवड्यात आहे. तुमचं बर्टन स्टॅफर्डशरमध्ये, आमचं ॲशबी लेस्टरशरमध्ये. काउंटी बदलली की तारखा बदलतात. शाळेत काम करतेस ना तू? तुला माहीत नको?"

लॉर्नाच्या हातातली सुई हातातच राहिली. तिला माहीत होतं. बर्टनमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण रोरीची शाळा आता वेगळ्या काउंटीत आहे, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तिच्या लेखी तो अजून इथलाच होता.

"नऊ मैल, डीन! नऊ मैलांत कसली डोंबलाची काउंटी!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी ठरवतो का?"

"आठवडाभर काढ ना त्याला शाळेतनं."

"दंड भरावा लागतो. आणि शाळेला कळवायचं तर सही माझी लागते. तुझी तिथं चालत नाही."

हे तो मुद्दाम बोलला. अकरा वर्षं पोराचा शेंबूड पुसलेल्या बाईला असं सुनवायचं म्हणजे माणूस किती कोडगा असावा! लॉर्नानं फोन आपटला.

मग तिनं उलट्या बाजूनं जोर लावला. स्वयंपाकघराच्या मुख्य बाईला, बर्निसला, आधीचा आठवडा मागितला.

"घे की," बर्निस म्हणाली. "मी पोरांना सांगते, लॉर्ना समुद्रावर गेलीय, आठवडाभर उपास धरा."

नेरिसला विचारलं, तारीख मागे घेता येईल का.

"येईल, पण त्या आठवड्यात हॅलोवीन नसतं, डार्लिंग."

"मला माहितेय ते!" लॉर्ना इतक्या जोरात किंचाळली की बर्निसच्या हातातला डाव पडला.

घरी मेबल घोड्याचं तोंड चढवून दारांवर आदळत होती.

"रोरीचं काही खरं नाही," लॉर्ना म्हणाली. "मागचं धड मी होते."

"तू नको. तुला जमणार नाही. तू सारखी पुढे घुसतेस."

लॉर्ना घोड्याचं मागचं धड शिवायला बसली.

दोन दिवसांनी रोरीचाच फोन आला. "सुट्टीचं तुला मी सप्टेंबरातच सांगितलं होतं."

"कधी?"

"तू कांदे चिरत होतीस. बरं बरं म्हणालीस."

लॉर्नाला आठवेना, पण पोरगं खोटं बोलत नाही.

"मी शुक्रवारी तीनला सुटतो," रोरी म्हणाला. "शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार. एवढं तर मिळेल."

"अरे, पार्टी सहाला. तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल."

"पार्टी गेली खड्ड्यात. मी काय पार्टीसाठी येतोय?"

लॉर्नानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "डीन सोडणार नाही. थांब, मी बोलते त्याच्याशी."

"लॉर्ना, नको गं. तू बोललीस की तो हटकून नाही म्हणतो. या वेळी तू गप्प बस. मी बघतो."

गप्प बसणं हे लॉर्नाचं काम नव्हे. कितीदा तरी तिनं डीनचा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. बर्निसशी भांडली, कस्टर्ड करपवलं. शेवटी रोरीचा मेसेज आला. चेस्टरजवळचा पेट्रोल पंप, अर्ध्या वाटेवरचा, सहा वाजता. डॅड तिथपर्यंत येईल, पुढे एक इंचही नाही म्हणतो.

बेटावरचा आठवडा पावसात गेला. शुक्रवारी सकाळी दहाला मायलेकी सामानासकट बाहेर पडल्या. चारला दुसरीची किल्ली मागितली, तर साफसफाई झालेली नाही. लॉर्नानं तिथं पोरीसमोर बोलू नये ते बोलून घेतलं, आणि गाद्या-उशा, तवा, मेबल, घोडा सगळं गाडीत कोंबून पुलावरनं तशीच चेस्टरकडे निघाली.

सहा वाजले, तिकडे बेटावर पार्टी सुरू झाली असणार. साडेसहा झाले. घोड्याचं तोंड मांडीवर घेऊन मेबल चिप्स खात होती. लॉर्ना पंपावर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेत डोकावत होती. सातच्या सुमाराला डीनची गाडी लागली. रोरी शाळेच्या कपड्यांत उतरला, आणि लॉर्नाच्या लक्षात आलं की आता त्याच्या डोळ्यांत बघायला मान वर करावी लागते.

"रस्ता तुंबला होता," डीन म्हणाला. "पुढच्या वर्षी बुकिंग करायच्या आधी मला तारखा विचारत जा."

महिनाभर साठवलेलं सगळं लॉर्नाच्या जिभेवर आलं. रोरीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं गिळलं.

"तुला कशाला विचारू? याला विचारीन. फोन याच्याकडेही आहे."

डीननं खांदे उडवले. "विचार. मला काय त्याचं."

त्याला काही नव्हतं, हे खरंच. पण परस्पर रोरीलाच विचार, हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, आणि रोरी शेजारी उभा राहून ऐकत होता. लॉर्नानं लगेच गाडी चालू केली, न जाणो डीन शब्द फिरवायचा.

पुढच्या सीटवर बसायला जागाच नव्हती. रोरीनं तवा नि दोन उशा मांडीवर घेतल्या. "हे काय, घर आणलंयस का?"

"तर काय करू! त्या गाढवांनी सकाळी दहाला..." लॉर्नानं सुरुवात केली, आणि बेटाचा पूल येईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही.